डोळा सुजलाय, कोणते थेंब घालू?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यकांची उत्तरे

या वेळच्या टपालात कुत्र्यांच्या सुजलेल्या डोळ्यांची पत्रे बरीच आहेत, आणि बहुतेकांचे शेवटचे वाक्य तेच आहे: कोणते थेंब घालू? त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. सूज पापणीला आहे, डोळ्याच्या गोळ्याला आहे, की डोळ्याखाली गालावर? कुत्रा डोळा उघडतो की मिटूनच बसतो? आणि बुबुळ स्वच्छ दिसते की त्यावर धुरकट, निळसर, पांढरे काही आले आहे? मिटलेला डोळा हा दुखणारा डोळा असतो. बुबुळ धुरकट असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हे दोन्ही नसेल तर सहसा दिवसभर थांबून पाहता येते.

प्रश्न: आमचा गावठी कुत्रा दिवसभर बागेत हिंडतो. परवा संध्याकाळी दोन्ही पापण्या आणि मुस्कट सुजलेले घेऊनच घरी आला. तोंड जमिनीवर घासत होता. शेजारी म्हणाले, गांधीलमाशी चावली असेल, आपली सर्दीची गोळी द्या. आम्ही दिली नाही. सकाळपर्यंत सूज उतरली. पुन्हा झाले तर काय करावे? (वाचक, गुहागर)

उत्तर: सर्दीची गोळी दिली नाहीत ते फार बरे केलेत. त्या गोळ्यांत ॲलर्जीच्या औषधाबरोबर पॅरासिटामॉल आणि फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन मिसळलेले असते. स्यूडोएफेड्रिनने कुत्र्याच्या हृदयाचे ठोके बेफाम वाढतात. लहान चणीच्या कुत्र्याच्या एका गोळीनेही जिवावर बेतू शकते. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हीसुद्धा कुत्र्याला द्यायची नाहीत. त्यांनी पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडे जातात.

दोन्ही पापण्या, ओठ, मुस्कट एकदम सुजणे, खाज सुटणे, अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी येणे, ही ॲलर्जीची सूज. मधमाशी, गांधीलमाशी, मुंगळा, कधी त्याच दिवशी टोचलेली लसही कारण असते. चावल्यानंतर काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत ती चढते आणि एक-दोन दिवसांत उतरते. मधमाशीचा काटा दिसत असेल तर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडून काढा. पातळ फडक्यात बर्फ गुंडाळून पाच-पाच मिनिटे सुजेवर धरा, बुबुळावर दाब देऊ नका. गोळी द्यायचीच तर नुसती सेटिरिझिन, दुसरे काही न मिसळलेली. सर्वसाधारण प्रमाण दर किलो वजनाला १ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला १० मिलिग्रॅमची एक गोळी. पण आधी आपल्या डॉक्टरांना फोन करा आणि वजन अंदाजाने धरू नका, काट्यावर करा.

गोळीचा परिणाम दिसायला तास-दीड तास जातो. म्हणून ॲलर्जीचा मोठा झटका आला असेल तर गोळीवर विसंबायचे नाही. कुत्र्यात असा झटका बऱ्याचदा आधी पोटात दिसतो: उलटी, एकाएकी पातळ जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडणे, पाय लटपटणे. श्वासात घरघर आली तर सूज घशात उतरते आहे असे समजा. अशा वेळी इंजेक्शनच लागते.

तुमच्या भागात आणखी एक शक्यता कायम मनात ठेवा. फुरसे किंवा घोणस. कुत्रा नाकाने शोध घेतो, त्यामुळे दंश पुष्कळदा तोंडावरच होतो. ही सूज एका बाजूने सुरू होते, खाजत नाही, दुखते; कुत्रा हात लावू देत नाही. ती तासागणिक वाढते, कातडी जांभळी पडते, दंशाच्या जागेतून किंवा हिरड्यांतून रक्त पाझरते आणि थांबत नाही. केसांत दोन दात उमटलेले दिसतीलच असे नाही. काही बांधू नका, चिरू नका, बर्फ लावू नका, चालवूही नका. उचलून गाडीत घाला. दवाखान्यात संशय असेल तर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. त्यानंतर नळी कलती केल्यावर रक्त पातळच असेल तर विष रक्तात भिनले आहे. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते आणि तीच कुत्र्यालाही देतात. निघण्यापूर्वी ती दवाखान्यात आहे का हे फोनवर विचारून घ्या, नाहीतर दोन ठिकाणी हेलपाटे होतात.

प्रश्न: आमची चार वर्षांची पग. एके सकाळी तिचा उजवा डोळा मिटलेला, पाणी गळते आणि पापणी सुजलेली. घरात मुलाचे डोळे आल्यावर आणलेले थेंब होते, ते घातले. दुसऱ्या दिवशी डोळा उघडला, लाली गेली. चौथ्या दिवशी मात्र बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि आता तो वाढतो आहे. थेंब बदलायला हवेत का? (वाचक, पुणे)

उत्तर: थेंब आत्ताच्या आत्ता बंद करा आणि हे वाचून होताच दवाखान्यात निघा. बाटली बरोबर घ्या. तिच्यावर बारीक अक्षरांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव असण्याची शक्यता दाट आहे. ही स्टेरॉइडे. जंतुनाशकाबरोबर मिसळून ती थेंबांत सर्रास येतात.

पगचे डोळे खोबणीबाहेर आलेले असतात, झोपेतही पापण्या नीट मिटत नाहीत आणि नाकावरच्या वळीचे केस बुबुळाला घासतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, जाडीने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. त्याला ओरखडा गेला की डोळा मिटतो, पाणी येते, पापणी सुजते. तुमच्या कुत्रीचे बहुधा असेच झाले. स्टेरॉइडने लाली आणि सूज ओसरते, म्हणून दुसऱ्या दिवशी बरे वाटले. पण त्याच औषधाने जखम भरणे थांबते आणि पडदा विरघळवणाऱ्या विकरांना मोकळे रान मिळते. अशी जखम दोन दिवसांत आरपार जाऊ शकते. 'थेंबांनी आधी बरे वाटले होते' हे वाक्य आम्ही म्हणूनच फार सावधपणे ऐकतो.

दवाखान्यात नारिंगी रंगाची फ्लुओरेसिनची पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला लावतील. शाबूत पारपटलावर हा रंग टिकत नाही. जखम असेल तेवढीच जागा निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. पाच मिनिटांची, स्वस्त तपासणी आहे. सुजलेल्या, लाल, मिटलेल्या कोणत्याही डोळ्यात ती केल्याशिवाय स्टेरॉइड लिहून दिले जात असेल तर 'रंग लावून पाहिलात का?' हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

जखम उथळ असेल तर स्टेरॉइड नसलेले जंतुनाशक थेंब दिवसातून चार ते सहा वेळा, आणि ती आठवडाभरात भरते. खोल असेल किंवा कडा लिबलिबीत झाल्या असतील तर दर एक-दोन तासांनी थेंब, शिवाय कुत्र्याच्याच रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, वेगळा काढून थेंबासारखा घालतात. पडदा विरघळणे त्याने रोखले जाते. ते फ्रीजमध्ये ठेवावे लागते. दुखणे कमी व्हावे म्हणून ॲट्रोपीन दिले तर बाहुली मोठी होईल आणि उजेड सहन होणार नाही, अंधाऱ्या खोलीत ठेवा. ते घातल्यावर तोंडाला फेस आला तर घाबरू नका: डोळ्यातून नाकात आणि तिथून घशात औषध उतरते आणि ते कडू असते.

थेंब घालायची पद्धत अर्ध्या औषधाइतकी महत्त्वाची आहे. समोरून हात आणला की कुत्रा मागे सरतो. त्याला कोपऱ्यात किंवा तुमच्या दोन पायांमध्ये पाठमोरे बसवा. डाव्या हाताने हनुवटी वर करा, उजव्या हाताची कड डोक्यावर टेकवून वरची पापणी किंचित वर ओढा आणि वरून एक थेंब सोडा. बाटलीचे टोक कुठेच टेकता कामा नये. एकच थेंब पुरतो, दुसरा गालावरून ओघळतो. दोन औषधे असतील तर मध्ये पाच ते दहा मिनिटे जाऊ द्या. मलम असेल तर ते सर्वांत शेवटी, नाहीतर त्याच्या थरावर थेंब टिकत नाहीत. उघडलेली बाटली साधारण महिन्याभराने फेकून द्यायची, आत अर्धी शिल्लक असली तरी. गळ्यात प्लॅस्टिकचा कोन घालणे सक्तीचे, जेवताना आणि रात्रीसुद्धा. त्याची कड नाकाच्या टोकापुढे गेली पाहिजे, आखूड कोनातून पंजा डोळ्यापर्यंत पोचतो. बहुतेक फसलेले उपचार 'तिला कोन आवडत नाही म्हणून काढला' इथेच फसतात.

आठवडाभरात जखम भरली नाही तर थेंब बदलून उपयोग नाही, कारण शोधावे लागते. आत वळलेली पापणी, पापणीच्या आतून उगवलेला केस, सुकलेला डोळा यांपैकी काहीतरी निघते.

प्रश्न: बीगलचे पाच महिन्यांचे पिल्लू आहे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा लालभडक गोळा आला आहे. दुखत नाही. एका ठिकाणी 'दोन मिनिटांत कापून टाकतो' असे सांगितले. कापावा का? (वाचक, नाशिक)

उत्तर: कापू नका. तो फोड नाही, गाठही नाही. कुत्र्याला आतल्या कोपऱ्यात तिसरी पापणी असते आणि तिच्या मुळाशी अश्रूंची ग्रंथी. ग्रंथीला जागेवर धरणारे तंतू सैल असले की ती उलटून वर येते. इंग्रजी नावावरून सगळीकडे 'चेरी आय' म्हणतात. बीगल, कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, शित्झू, ल्हासा आणि मॅस्टिफ यांच्यात जास्त, आणि बहुतेकदा वय दोन वर्षांच्या आत.

डोळ्यातल्या पाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा ही ग्रंथी बनवते. कापली की आज डोळा छान दिसतो, पण काही वर्षांनी सुकतो, आणि मग आयुष्यभर औषध. योग्य शस्त्रक्रियेत तिसऱ्या पापणीच्या आतल्या अंगाला दोन छेद देऊन एक खिसा करतात, ग्रंथी त्यात ढकलतात आणि विरघळणाऱ्या बारीक धाग्याने वरून शिवतात. टाक्याची गाठ बुबुळाकडे आली तर ती घासून जखम करते, म्हणून हे काम नेहमी डोळ्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्याकडूनच करून घ्या. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करता येईल. भूल पूर्ण लागते. कोन दहा ते चौदा दिवस.

गोळा नुकताच आला असेल तर मिटलेल्या पापणीवरून हलके चोळल्यावर कधी आत जातो. पण सहसा तो पुन्हा येतोच. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत ग्रंथी सुकू नये म्हणून वंगणाचे थेंब किंवा जेल दिवसातून तीन-चार वेळा घाला. महिनोन्‌महिने थांबू नका, उघड्यावर राहून ग्रंथी सुजते आणि मग खिशात मावत नाही. दुसऱ्या डोळ्यातही पुढे असाच गोळा येण्याचा संभव बराच असतो, हे आधी माहीत असलेले बरे.

प्रश्न: लॅब्राडॉर, आठ वर्षे. डाव्या डोळ्याच्या बरोबर खाली सूज येते, फुटते, पू वाहतो. ॲण्टिबायोटिकच्या कोर्सने पंधरा दिवसांत बरे होते आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. डोळ्याचे डॉक्टर गाठावेत का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: आधी तोंड उघडा. वरच्या जबड्यातली चौथी उपदाढ, ओठ गालाकडे ओढला की मागे दिसणारा सगळ्यांत मोठा दात, हिला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या बरोबर खाली पोचतात. दाढेचा तुकडा उडाला की जंतू मुळाशी जातात, तिथे पू साठतो आणि हाड पोखरून डोळ्याखाली तोंड फोडतो. डोळ्याचा यात काही दोष नाही.

कोल्हापुरात हे जास्त दिसले तर नवल नाही. रविवारची नळी चोखून झाली की ती कुत्र्यापुढे जाते. शिजलेली असो की कच्ची, मटणाच्या नळीचे हाड दाढेपेक्षा चिवट ठरते आणि दाढेचा बाहेरचा पापुद्रा सपकन उडतो. दगड चघळायची खोड आणि बाजारात मिळणारी शिंगे यांचाही परिणाम तोच. अंगठ्याचे नख रुतत नाही अशी कोणतीही वस्तू चघळायला देऊ नये.

ओठ वर करून दोन्ही बाजू ताडून पाहा. आजारी बाजूला किटण जास्त असते, कारण कुत्रा त्या बाजूने चावत नाही; दाढेवर उभी चीर, सपाट तुटलेला भाग किंवा तपकिरी टिंब दिसते. कधी बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून दातांचा एक्स-रे लागतो. ॲण्टिबायोटिकने पू आटतो, मुळातला मेलेला भाग तसाच राहतो, म्हणून सूज परत येते. उपाय दोनच: दाढ काढणे किंवा रूट कॅनाल. काढताना तिचे तीन तुकडे करून एकेक मूळ वेगळे काढावे लागते. अख्खी उपटायला गेले की मुळाचे टोक आत मोडते आणि गळू सुरूच राहते. काढल्यानंतर एक्स-रेवर तिन्ही मुळे निघाल्याची खात्री करून घ्या. दाढ गेल्यावर कुत्रे जेवत नाही ही भीती फोल आहे, आठवड्याभरात बहुतेक जण पहिल्यापेक्षा जास्त खातात.

दाढ काढूनही सूज गेली नाही, किंवा ती हाडासारखी टणक आणि न फुटणारी असेल, तर मात्र तुकडा काढून तपासायला पाठवायला हवा. या वयात गाठीही होतात. आणि तोंड उघडताना कुत्रा किंचाळत असेल, डोळा पुढे ढकललेला असेल तर पू डोळ्यामागे आहे. ते थांबायचे दुखणे नाही.

प्रश्न: डोळा धुवायला काय वापरावे? बोरिक पावडर, गुलाबपाणी, चहाचे पाणी, तुरटी, गाईचे दूध, सगळे ऐकून झाले. (वाचक, नागपूर)

उत्तर: नॉर्मल सलाइन, ०.९ टक्के. औषधाच्या दुकानात १०० मिलिलिटरची बाटली सहज मिळते. सुई-सिरिंजने १० मिलिलिटर काढा, सुई काढून टाका आणि आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने हळू धार सोडा. चिपडे वाळलेली असतील तर कोमट सलाइनचा बोळा दोन मिनिटे ठेवून मग पुसा, ओढून काढू नका. एका बोळ्याने एकच डोळा. उघडलेली बाटली दिवस संपला की टाकून द्या.

तुरटी आणि बोरिक यांचे प्रमाण घरी साधत नाही आणि जखमेवर ती झोंबतात. गुलाबपाण्यात सुगंध आणि परिरक्षके असतात. दूध आणि मध जंतूंचे खाद्य. कॉन्टॅक्ट लेन्सचे द्रावणही नको.

एकाच प्रसंगी हा सगळा काटेकोरपणा गुंडाळून ठेवायचा: डोळ्यात चुना, फिनाइल किंवा रंगपंचमीचा रंग गेला असेल तेव्हा. सलाइन शोधत बसू नका, साध्या नळाच्या पाण्याने २० ते ३० मिनिटे धुवा, घड्याळ लावून. चुना क्षारधर्मी असल्याने आत आत खात जातो. कण अडकले असतील तर ओल्या कापूसकाडीने काढा. त्याला उतारा म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. मग दवाखाना.

प्रश्न: शित्झूवर रस्त्यातल्या मोठ्या कुत्र्याने झडप घातली. डोळा खोबणीबाहेर आला होता. रात्रीचे अकरा वाजले होते. (वाचक, ठाणे)

उत्तर: तुमचा प्रसंग टळून गेला, पण इतरांसाठी लिहितो. डोळा आत ढकलू नका. सलाइनमध्ये भिजवलेले स्वच्छ गॉज किंवा वंगणाचे जेल लावून तो सतत ओला ठेवा, कोन घाला, खाऊ-पिऊ घालू नका कारण भूल द्यावी लागणार, आणि निघा. सकाळची वाट पाहायची नाही, एकेक तास मोजला जातो. डॉक्टर डोळा आत बसवून पापण्या दोन-तीन आठवडे शिवून ठेवतात. डोळा वाचला तरी नजर नेहमी परत येत नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्यांची खोबण उथळ असते, नुसती मानगूट आवळूनही हे घडू शकते. त्यांना गळपट्टा नको, हार्नेस घाला.

प्रश्न: कुत्र्याचा डोळा लाल, निळसर आणि थोडा मोठा वाटतो. अंगावर गोचिडी होत्या. डॉक्टरांनी डोळ्याला थेंब देण्याआधी रक्त तपासायला सांगितले. डोळ्यासाठी रक्त कशाला? (वाचक, सोलापूर)

उत्तर: डॉक्टर योग्य मार्गावर आहेत. तपकिरी गोचिडीतून पसरणारा एर्लिकियाचा ताप आपल्याकडे भरपूर आहे. त्यात प्लेटलेट घसरतात, डोळ्याच्या आत दाह होतो, कधी आत रक्त साठते. बाहेरून पाहणाऱ्याला दिसतो तो फक्त लाल, निळसर डोळा. काही कुत्र्यांत तापाआधी डोळाच बोलतो. हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर लाल ठिपके आहेत का, नाकातून रक्त आले होते का, हे पाहून सांगा. निदान झाले तर डॉक्सिसायक्लिन दर किलोला १० मिलिग्रॅम रोज, साधारण २८ दिवस. पाचव्या दिवशी कुत्रा टणटणीत होतो आणि पुष्कळ जण तिथेच गोळी सोडतात. मग दुखणे दबून राहते. गोळी उपाशी पोटी दिली की उलटी होते, जेवणानंतर द्या आणि वर पाणी पाजा.

डोळ्याचा दाबही मोजून घ्या. कुत्र्याचा सामान्य दाब १० ते २५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. आतल्या दाहात तो उतरतो, काचबिंदूत चढतो. दोन्ही दुखण्यांत बाहेरून डोळा सारखाच लाल आणि निळसर, आणि औषधे अगदी उलट. दाहात ॲट्रोपीन उपयोगी, काचबिंदूत त्याने दाब आणखी वाढतो. पुण्याच्या वाचकांना आम्ही जे स्टेरॉइड फेकायला सांगितले, तेच इथे, रंग लावून जखम नाही याची खात्री झाल्यावर, मुख्य औषध ठरते. 'मोठा वाटतो' हे तुमचे शब्द आम्हाला अस्वस्थ करतात. बाहुली मोठी होऊन उजेडातही आकसत नसेल, तर हा काचबिंदू असू शकतो आणि चढलेल्या दाबाने नजर एक ते तीन दिवसांत कायमची जाते. रक्ताचा अहवाल उद्या येऊ दे, दाब आजच मोजा.

गोचिडीचे: ही जात भिंतींवर चढते, फटीत अंडी घालते. फक्त कुत्र्यावर उपचार करून ती जात नाही. त्याच्या झोपण्याच्या जागेच्या फटी बुजवा, अंथरूण कडक पाण्यात धुवा. गाईम्हशींवर फवारायचे गोचीडनाशक कुत्र्याच्या तोंडावर मारू नका, त्यानेही डोळे सुजून येतात.

प्रश्न: अंगणात व्यालेल्या कुत्रीची पिल्ले अकरा दिवसांची आहेत. एकाचे डोळे अजून मिटलेले आणि पापणीखाली टपोरी सूज. उघडेपर्यंत थांबावे का? (वाचक, वाई)

उत्तर: थांबू नका. पिल्लांचे डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात, त्याआधी पापणी फुगली तर आत पू कोंडला आहे. बाहेर यायला वाट नसल्याने तो थेट बुबुळाला लागतो. कोमट सलाइनचा बोळा पाच मिनिटे धरा आणि आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूस हलकेच पुसत चला. पापणीची फट सुटली तर पू आपोआप येईल, तो धुवून काढा. सुटली नाही तर बोटांनी फाडू नका, डॉक्टर उघडतील. नंतर काही दिवस स्टेरॉइड नसलेले जंतुनाशक मलम, आणि पापण्या पुन्हा चिकटू नयेत म्हणून रोज कोमट पुसणे. बाकीच्या पिल्लांचे डोळे आणि आईची कासही पाहून घ्या.

प्रश्न: कॉकर स्पॅनियल. वर्षभर दोन्ही डोळ्यांत हिरवट, चिकट चिपडे आणि पापण्या जाड. थेंबांनी आठवडाभर बरे, मग पुन्हा सुरू. (वाचक, डोंबिवली)

उत्तर: जंतूंचे औषध आता पुरे, अश्रू मोजून घ्या. खुणा केलेली कागदी पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर किंवा जास्त भिजली तर ठीक, १० च्या आत भिजली आणि अशी लक्षणे असली तर डोळा सुकलेला आहे. पाणी नसले की उरतो तो नुसता चिकट शेंबूड, हेच तुमचे चिपडे. बहुतेकांत शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूग्रंथीवर उलटलेली असते. सल्फाच्या गोळ्यांनीही असे होते, त्या चालू आहेत का ते डॉक्टरांना सांगा.

उपचार सायक्लोस्पोरिन ०.२ टक्के मलम दिवसातून दोनदा, किंवा टॅक्रोलिमस ०.०३ टक्के. माणसांचे सायक्लोस्पोरिनचे थेंब यापेक्षा सौम्य असतात, एकाऐवजी दुसरे आणू नका. परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात, तोवर वंगणाचे थेंब दिवसातून चार-पाच वेळा. मलम लावण्याआधी चिपडे धुवून काढा, नाहीतर ते चिपड्यांवरच बसते. औषध जन्मभराचे आहे. बरे वाटले म्हणून सोडले की महिन्याभरात सगळे पहिल्यासारखे होते.

प्रश्न: बारा वर्षांच्या कुत्रीच्या पापणीच्या कडेला बारीक गाठ आहे. रांजणवाडी असेल का? (वाचक, सांगली)

उत्तर: रांजणवाडी दुखते, लाल असते आणि कोमट शेकाने, दिवसातून तीन-चार वेळा दहा मिनिटे, आठवडाभरात बसते किंवा फुटते. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल एवढेच गरम. महिनोन्‌महिने तशीच राहिलेली, न दुखणारी, फुलकोबीसारखी गाठ म्हणजे पापणीतल्या तेलग्रंथीची वाढ. म्हाताऱ्या कुत्र्यांत ती बहुधा साधी असते. तरी ती बुबुळाला घासत असेल किंवा वाढत असेल तर लहान आहे तोवर काढून घ्या. पापणीच्या लांबीचा पाव ते तिसरा हिस्सा गेला तर दोन कडा सरळ शिवता येतात, त्याहून जास्त गेला तर गालाची कातडी फिरवून नवी पापणी करावी लागते.